गोखरूचं घर

कळमेश्वरात हेजहॉगला शब्द नाही. आजवर त्याची गरजच पडली नव्हती. घरी येणारा प्रत्येक जण आधी वाकून बघतो आणि विचारतो, "साळूचं पिल्लू होय का?" नाही. साळू, म्हणजे साळिंदर, हा कुरतडणारा प्राणी. वाढला की दहा-पंधरा किलोंचा होतो आणि आपल्याकडच्या रानात राहतो. हेजहॉग त्याचा कुणी लागत नाही. त्याचं गोत्र चिचुंद्रीच्या जवळचं. तोही किडे खाणारा, डोळ्यांनी अधू, नाकाने आणि कानांनी जग ओळखणारा. पाठीवरचे काटे म्हणजे केसच, कडक झालेले आणि आतून पोकळ. घाबरला की कातडीखालचा एक गोल स्नायू पिशवीची नाडी ओढावी तसा आवळतो आणि डोकं, पाय, पोट सगळं आत जातं.

आजीने त्याला पहिल्यांदा असा आवळलेलाच पाहिला. म्हणाली, "हे तं गोखरू हाय." गोखरू म्हणजे वावरात अनवाणी चाललं की पायात घुसतो तो काटेरी दाणा. नाव तेच राहिलं.

गोखरूला आम्ही विकत आणलेलं नाही. माझ्या चुलतभावाने, दादाने, रील्स पाहून त्याला नागपुरात घेतलं. मग दादाला पुण्यात नोकरी लागली, राहायला तिघांत एक खोली. गोखरू पोपटाच्या पिंजऱ्यासकट आमच्या घरी आला. दुकानदाराने तोच पिंजरा विकला होता, तळाला तारेची जाळी असलेला. दादा निघताना म्हणाला, "ठेव महिनाभर. नाहीच जमलं तर संत्र्याच्या बागेत सोडून दे."

"सोडून दे" हे ऐकायला दयाळू वाटतं. पिंजऱ्याचं दार उघडायचं, प्राणी मोकळा, आपणही मोकळे. पण मोकळा कुठे? गोखरूच्या मागच्या पायाला चार बोटं आहेत. ही खूण महत्त्वाची. भारतातही हेजहॉग आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात दोन प्रकारचे, दक्षिणेत मद्रासी हेजहॉग. त्यांच्या मागच्या पायाला पाच बोटं असतात. ते आपले वन्यजीव, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. चार बोटांचा हा आफ्रिकी पिग्मी हेजहॉग. याचं मूळ घर सेनेगलपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या गवताळ पट्ट्यात. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी घरी असतील तर २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. हा त्या यादीत नाही, म्हणून त्याच्या विक्रीला फारसा कुणी आडवा येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने मात्र तो पाळायलाच बंदी घातली आहे.

पेटीत जन्मलेला, वाटीत खाणारा हा जीव बागेत सोडला तर एक तर कुत्रं-मांजर त्याला उलटंपालटं करून संपवेल, नाही तर मे महिना संपवेल. आणि समजा जगलाच, तर इथल्या किड्यांच्या, चिचुंद्र्यांच्या संसारात एक परका वाटेकरी येईल. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ पाळलेल्या प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हाच गुन्हा मानतं. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणं, हाही गुन्हाच. म्हणजे बाग बाद आणि पोपटाचा पिंजराही बाद. उरलं ते घर बांधणं.

इंटरनेटवर हेजहॉगची घरं पुष्कळ सापडतात. पारदर्शक भिंती, रंगीत दिवे, छोटा झोपाळा, छोटा सोफा. ती पाहताना मला आपल्याकडच्या हॉलची आठवण येते. घरातली सगळ्यात चांगली खोली पाहुण्यांसाठी आणि माणसं स्वयंपाकघरात कोंबलेली. ही घरं बघणाऱ्यासाठी बांधलेली असतात. पोटावर स्ट्रॉबेरी ठेवलेला, डोक्यावर टोपी घातलेला हेजहॉग आपण ज्या उजेडात पाहतो, तो उजेड म्हणजे त्याची मध्यरात्र. दिवसा काढलेला त्याचा जवळपास प्रत्येक व्हिडिओ हा झोपेतून उठवलेल्या प्राण्याचा व्हिडिओ असतो.

हे मला लवकर पटलं, कारण मी इथल्या एमआयडीसीत कामाला आहे आणि तीन आठवड्यांतला एक आठवडा माझी रात्रपाळी असते. सकाळी साडेसातला घरी यायचं आणि जग जागं असताना झोपायचं. मिक्सर, टीव्ही, भंगारवाल्याचा भोंगा, "झोपला का रे?" हे विचारायला उठवणारे शेजारी. खिडकीच्या काचांवर मी वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. दिवसा झोपणाऱ्याला काय हवं असतं ते मला पाठ आहे: काळोख, शांतता, थंडावा आणि कुणी न बघणं. गोखरूची यादीही एवढीच निघाली. सगळं घर मग या यादीवरून ठरलं.

पेटीसाठी फार शोधावं लागलं नाही. आमच्याकडे आईच्या लग्नानंतर घेतलेली एक शोकेस होती. चार फूट उंच, दोन फूट रुंद, पंधरा इंच खोल. आत प्लास्टिकची फुलं, काचेचा ताजमहाल, माझी शाळेतली एक ढाल. ती रिकामी केली आणि पाठीवर आडवी पाडली. बस. चार बाय दोन फुटांची जमीन मिळाली आणि भोवती पंधरा इंचांच्या सनमायका लावलेल्या गुळगुळीत भिंती. हेजहॉगला जागा हवी ती जमिनीवर. उंचीचा त्याला उपयोग नाही, उलट धोकाच. तो तारेवर सरसर चढतो, पण उतरायचं कसं हे त्याला कळत नाही आणि खोलीचा अंदाजही येत नाही. तो सरळ पडतो. तळाच्या जाळीत पाय अडकून मोडतो. म्हणून भिंत गुळगुळीत आणि तळ सपाट, हे पहिले दोन नियम.

काचा काढून टाकल्या. काचेने बंद केलेली पेटी आमच्या उन्हाळ्यात भट्टी झाली असती. त्याऐवजी वर लोखंडी चौकटीत बारीक जाळी बसवली आणि दोन कड्या लावल्या, कारण शेजारचं मांजर रोज हजेरी लावतं. फळ्या काढल्यावर उरलेली भोकं आणि फटी बुजवल्या. जिथून डोकं जातं तिथून हा प्राणी जातो, आणि एकदा कपाटामागे गेला की शोधणं कठीण. तळाला एकसंध विनाईल टाकलं, नाहीतर प्लाय मुताने फुगला असता. पेटी चार विटांवर ठेवली. मुंग्यांसाठी खडू किंवा पावडर नाही. ज्याचं अन्नच किडे, त्याच्या घरात किडे मारायचं विष फिरकू द्यायचं नाही. डासांची अगरबत्तीही त्या खोलीतून गेली.

अंथरूण हा खरा अभ्यासाचा विषय निघाला. आरामशिनीवर भुसा फुकट मिळतो, पण त्यात कुठली लाकडं मिसळली आहेत ते कळत नाही. देवदारासारख्या उग्र तेलाच्या लाकडाने त्याचा श्वास बिघडतो, आणि नाक ज्याचं सर्वस्व त्याला धूळ नकोच. टॉवेल चालत नाही, त्याच्या धाग्यांच्या कड्यांत नखं अडकतात. साधा सुटलेला धागाही पायाला गुंडाळला गेला तर रक्त थांबतं आणि पाय जातो. मऊ ब्लँकेटचं कापड सगळ्यात बरं, पण त्याला कुठेही दोरा लोंबता कामा नये. हे मी आजीला सांगितलं. तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. तिने शिवण आत दडवून, कडा दुमडून, वीतभर तोंडाची एक पिशवी शिवली आणि दोन्ही बाजूंनी बोट फिरवून तपासली. गोखरू तिच्यात शिरला तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही. माझ्या दृष्टीने घर त्या दिवशी पूर्ण झालं. पाहुण्यांच्या दृष्टीने ते रिकामं होतं.

ओळख व्हावी म्हणून मी माझा जुना शर्ट त्याच्या पिशवीजवळ ठेवला. त्याने तो हुंगला, चावला, तोंडाला फेस आणला आणि मान वाकडी करून तो फेस स्वतःच्या काट्यांवर फासू लागला. आजी घाबरली. ती समजली पिसाळलं. पण नवा तीव्र वास आला की हेजहॉग असंच करतात. तो वास अंगावर घेतात. माझ्या शर्टाचा वास म्हणजे मशीनचं तेल आणि घाम.

आता ऊन. हेजहॉगविषयीच्या परदेशी सल्ल्यांत निम्मी पानं ऊब कशी द्यावी यावर असतात. लिहिणारे थंड देशातले, त्यांचं बरोबरच आहे. या प्राण्याला साधारण २३ ते २८ अंश मानवतात. तिशी ओलांडली की तो पाय पसरून सपाट पडतो. आणि नागपूरच्या नोंदीत मे २०१३चे ४७.९ अंश आहेत. मे २०२४ संपता संपता तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, ते आकडे देशभर फिरले, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्ही हसलो, पण त्यातून एक धडा घेण्यासारखा आहे. आकडा कुठे आणि कशाने मोजला, यावर सगळं आहे. मोबाइलवर दिसतं ते कळमेश्वरचं तापमान. गोखरू कळमेश्वरात राहत नाही, तो जमिनीपासून अर्ध्या फुटावर एका पिशवीत राहतो. म्हणून वायर असलेले दोन स्वस्त थर्मामीटर आणले. एकाचं टोक पिशवीजवळ, दुसऱ्याचं पेटीच्या विरुद्ध टोकाला. मग आठवडाभर पेटीची जागा बदलत आकडे लिहिले.

पश्चिमेच्या भिंतीची खोली बाद झाली. ती भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री बारापर्यंत ओकत राहते. वरची खोली स्लॅबमुळे बाद. खालची मधली खोली, जिच्या कुठल्याच भिंतीला थेट ऊन लागत नाही, तीच घरात सगळ्यात थंड. तिथे आजीचा पलंग. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी माझंही अंथरूण तिथेच. आता तिसरा हक्कदार आला. आजीने पलंगाच्या पायथ्याशी चार फूट जागा दाखवली आणि म्हणाली, "ठेव इथं. त्याले कोठं जा लागते बिचाऱ्याले."

मेमध्ये कूलर चालतो. कोरड्या हवेत ताटीवरचं पाणी उडतं आणि हवा गार होते. त्या झोताच्या थेट समोर पेटी ठेवायची नाही, कारण झोत दमट असतो आणि अंथरूण ओलसर राहिलं की बुरशी धरते. पेटीच्या एका टोकाला कडप्प्याचा तुकडा ठेवला, त्याच्याजवळ ताटात चुंबळीवर एक छोटा भरलेला माठ. माठ पाझरतो, पाझर उडतो, माठाचं अंग गार राहतं. दुसऱ्या टोकाला काहीच नाही. त्यामुळे एका टोकाला थंड आणि दुसऱ्या टोकाला जरा उबदार, निवड त्याची. दुपारी पाहिलं तर पिशवी सोडून तो माठाला पाठ लावून पडलेला असतो. लाईट जाते तेव्हा फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवतो. दोन बाटल्या सुमारे तीन तास निभावतात, मग पुढच्या दोन.

जुलैत गणित उलटतं. हवेतच पाणी असतं, कूलर फक्त चिकचिक वाढवतो, माठ पाझरला तरी गार होत नाही. तेव्हा माठ बाहेर, पंखा चालू आणि अंथरूण एक दिवसाआड धुवायचं. थंडीत आणखी वेगळं. नागपूरचा पारा डिसेंबर २०१८मध्ये ३.५ अंशांवर उतरला होता. अठराच्या खाली गेलं की हा प्राणी सुस्तावतो, पोट गार पडतं, चाल लटपटते. थंड देशातले हेजहॉग हिवाळाभर झोपतात, याच्या शरीराची तशी तयारी नसते आणि ती झोप जीवावर बेतू शकते. कोंबड्यांच्या पिल्लांना पिवळ्या बल्बची ऊब देतात, पण बल्बचा उजेड म्हणजे त्याची रात्र गेली. म्हणून उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर जाळीच्या वर, पत्र्याच्या टोपीत टांगला आणि थर्मोस्टॅटला जोडला. या पेटीवरचा सगळ्यात मोठा खर्च तोच.

राहिलं चाक. हेजहॉग रानात रात्रभर किडे शोधत काही किलोमीटर फिरतो. पेटीत चार फूट. ही तफावत कुठलीही सजावट भरून काढत नाही, चाक थोडी काढतं. दांड्यांचं चाक नको, पाय अडकतो. आतला पृष्ठभाग सलग हवा आणि व्यास तीस सेंटिमीटरच्या आसपास, नाहीतर पाठ वाकते. डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या बादलीचा तळाकडचा चार इंचांचा भाग कापला, कड घासली, मध्ये बेअरिंग बसवून स्टँडला अडकवला. सॉनिक नावाचा निळा हेजहॉग १९९१पासून व्हिडिओ गेममध्ये धावतोय, तेवढं एक त्यांनी खरं दाखवलं. धावता धावता गोखरू हगतो, हे दाखवलं नाही. चाक रोज सकाळी धुवावं लागतं, बाथरूमच्या वेगळ्या बादलीत. स्वयंपाकघरात नाही, कारण हेजहॉगच्या विष्ठेतून माणसाला साल्मोनेला होऊ शकतो. अमेरिकेत २०१९मध्ये तशी लागण बऱ्याच जणांना झाली होती. हात लावला की साबणाने हात धुवायचे, हे आता आजीच पाहुण्यांना सांगते.

आजीला रात्री दोन-अडीचनंतर झोप लागत नाही. अंधारात ती चाकाचा आवाज ऐकते. सकाळी मी कामावरून आलो की मला अहवाल मिळतो. "बाराले सुरू झालं. मंग थांबलं, पानी पेलं. मंग पुन्हा फिरून रायलं." वाटीचा आवाज, माठाजवळची खसखस, पिशवीत शिरतानाचं फुसफुसणं, सगळं तिला वेगवेगळं ओळखू येतं. एकदा मी थर्मामीटर बघण्याआधीच ती म्हणाली होती की आज ते धावलंच नाही. रात्रभर लाईट नव्हती आणि आकडा ३२ होता. त्याला कधी न पाहता त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त तिला कळतं.

मी या घराला चांगलं म्हणतो, पण मोठं म्हणत नाही. आठ चौरस फूट आणि एक फिरणारी बादली, यालाच आफ्रिकेचं गवत समजून घे, असं मी त्याला सांगतोय. तो आजारी पडला तर परदेशी छोट्या प्राण्यांचा सराव असलेला डॉक्टर शोधत नागपूर गाठावं लागेल. रस्त्याच्या बाजूने बोलायचं तर ते जवळ आहे, उन्हाच्या बाजूने बोलायचं तर नाही. म्हणून चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, "कुठं मिळते बे हे? कितीले?" की मी किंमत सांगत नाही. मे महिन्याचं लाईट बिल सांगतो. मग सांगतो की घरातली सगळ्यात थंड जागा मोजून ये, ती कुणाची आहे ते बघ, आणि तो माणूस ती सोडतो का ते विचार. बहुतेकांची चौकशी तिथेच संपते आणि मला बरं वाटतं. जे हेजहॉग आधीच कुणाच्या तरी घरात आहेत त्यांना नीट घर मिळावं. नवीन आणायचं कारण मला दिसत नाही.

दादाचा महिना कधीच उलटून गेला. त्याने मागच्या आठवड्यात मेसेज केला, "व्हिडिओ टाक ना त्याचा, मित्रांना दाखवायचाय." मी रात्री सुट्टीवर होतो. मधल्या खोलीत दिवा न लावता मोबाइल जाळीवर ठेवला आणि चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात काळा पडदा आहे, चाकाचा एकसारखा घर्र आवाज आहे आणि मध्ये एकदा आजीचं खोकणं. खोकल्यावर चाक क्षणभर थांबतं, मग पुन्हा सुरू होतं.